अकरा वाव

पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या हाताचा वास घेतला.

खोटं नाही सांगत. मी तेव्हा सोळाची. शेजारी बाबा, ऑफिसचा इस्त्रीचा शर्ट घालून, कारण कुठल्याही मास्तरांना भेटायचं ते नीट कपड्यांत, हा त्यांचा नियम. पाचूबंदरला जेट्टीच्या मागे बोंबील वाळत घातलेले बांबू होते. ते ओलांडून आम्ही पोचलो, तर एक काळाकभिन्न, अनवाणी म्हातारा समोर आला. 'या, बसा' काही नाही. माझा उजवा पंजा उचलला, नाकाला लावला आणि बाबांना विचारलं, "हिला म्हावरा देत नाय काय तुमी?"

बाबा गडबडले. "देतो की. रविवारी."

"रविवारी?" म्हाताऱ्याला खराखुरा धक्का बसला. "आनि सोमवारी कशावर जगता?"

मी बाबांची बाही ओढली. म्हटलं, चला, हा माणूस वेडा आहे. बाबांनाही तेच वाटत होतं, पण आम्हाला दुसरीकडे जायला जागा उरली नव्हती. वसई रोडला आमच्या बिल्डिंगच्या आसपास क्रिकेटचे जेवढे क्लास होते, तेवढ्यांनी एकच उत्तर दिलं होतं. मुलीला फास्ट बॉलिंग झेपणार नाही, स्पिन टाकू दे. एकाने तर "फिल्डिंग करू दे" म्हटलं होतं. मला असा राग आला होता, असा राग आला होता, की घरी येऊन मी बॉल भिंतीवर मारून मारून शेजारच्यांचा आरसा खाली पाडला. शेवटी वर्गातली पाचूबंदरची एक मुलगी म्हणाली, आमच्याकडे एक तांडेल आहेत, ते पोरांना बॉलिंग शिकवतात, डोक्याने जरा असे आहेत.

जरा!

तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. गुडघा कामातून गेल्यावर त्यांनी होडी पुतण्याच्या हवाली केली आणि सुकवणीच्या आवारामागे माती चोपून, वर जुनी मॅट ठोकून, खेळपट्टी केली. त्यांना क्रिकेट कुणी शिकवलं, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या बायकोला, म्हणजे मावशींना, मी एकदा विचारलं होतं. मासळीच्या टोपलीवर ओलं फडकं टाकत त्या म्हणाल्या, "ह्याला कोन शिकवनार? ह्यो मानूस ऐकतो कुनाचं?"

आज मी देशाकडून खेळते. टीव्हीवर माझ्या प्रत्येक बॉलचा वेग दाखवतात. मुलाखत घेणारे विचारतात, तुमचे पहिले कोच कोण, आणि मी खरं सांगितलं की गालात हसून पुढच्या प्रश्नाला जातात. त्यांना वाटतं, ही थापा मारते. त्यांचा तरी काय दोष? मी स्वतः पाहिलं नसतं तर मीही विश्वास ठेवला नसता.

आता हेच बघा. सगळे बॉलर रनअप पावलांनी मोजतात. तांडेलांनी मला 'नमो मारिया' शिकवली. अख्खी प्रार्थना, तोंडपाठ. "धावताना मनात म्हनायची. आमेनला बॉल सुटला पायजे. आधी सुटला तर तू घाई केलीस, नंतर सुटला तर झोपलीस." मी म्हटलं, काका, आम्ही हिंदू. ते म्हणाले, "मारियेला चालतं. तुला चालत नाय काय?" चालवून घेतलं. एक दिवस आईने बाबांना बाजूला घेऊन रडवेल्या आवाजात सांगितलं, अहो, ही झोपेत नमो मारिया म्हणते आणि आमेनला लाथ मारते. बाबांनी काय समजूत घातली देव जाणे. मी आजही, वर्ल्ड कपच्या सामन्यातसुद्धा, आमेनलाच बॉल सोडते.

बॅट्समनला ते बॅट्समन म्हणत नसत. गिऱ्हाईक म्हणत. "गिऱ्हाईकाच्या डोळ्यांत बघ. ते घाबरलंय का नाय ते डोळ्यांत दिसतं." स्वतः मात्र बॉलकडे कधी बघायचे नाहीत. आमच्याकडे पाठ करून, डोळे मिटून उभे राहायचे आणि मॅटवर टप्पा पडल्याच्या आवाजावरून शेरा मारायचे. "शिळा." "ह्यो बरा." "ह्यो कुनी टाकला, तुज्या आजीनं?" मला संताप यायचा. मी म्हणायची, एकदा वळून बघा तरी! ते म्हणायचे, "बघायचा काय त्यात? बॉल लाल असतो."

खिशात कायम सुके बोंबील. दमलं की लोक केळं देतात, हे बोंबील द्यायचे. माझ्या कॉलेजच्या बॅगेला असा वास लागला की बेंचवर शेजारी कुणी बसेना. आणि राग आला की बॉल उचलून खाडीच्या पाण्यात. सीझन बॉल, महागाचा! मी कंबरभर पाण्यात शिरून तो आणायची, आणि त्या ओल्या, फुगलेल्या बॉलने ते मला पुढची अर्धी सकाळ टाकायला लावायचे. शाब्बास हा शब्द दोन वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. फार खूश झाले तर कान खाजवायचे.

एवढं सगळं सोसून मी तिथे का जायची? कारण तिथे मला कुणी हळू टाक म्हटलं नाही. पहिल्या दिवशी पोरं फिदीफिदी हसली होती. महिन्याभरात तीच पोरं आपसांत हेल्मेटवरून भांडायला लागली. मला जे हवं होतं ते तिथेच मिळत होतं, आणि बाबांना ते माझ्या तोंडावर दिसत होतं. म्हणून तेही गप्प होते.

दर वर्षी पावसाळा सरला की तांडेल खेळपट्टी नव्याने आखायचे. तो सोहळा बघण्यासारखा असे. गुडघे टेकून, दोन्ही हात पसरून ते मातीवर पालथे पडायचे. एका हाताचं टोक ते दुसऱ्या हाताचं टोक, ही एक वाव. होडीवर पाणी किती खोल, जाळं किती लांब, सगळं ते याच मापाने मोजत आले होते. एक वाव झाली की मावशी चुन्याची रेघ मारायच्या, ते पुढे सरकायचे, पुन्हा पालथे. अशा अकरा वाव.

"इंग्रजाचं बावीस यार्ड म्हंजे आपलं अकरा वाव," त्यांनी मला पहिल्या वर्षी सांगितलं. "एक वाव सहा फूट. कर हिशोब."

मी केला. सहा अकरा सहासष्ट. बावीस त्रिक सहासष्ट. बरोबर! मला इतकं नवल वाटलं की मी तो हिशोब घरी जाऊन बाबांना सांगितला. बाबाही म्हणाले, कमाल आहे.

एकदा वटारचा संघ खेळायला आला होता. त्यांचा एक पोरगा म्हणाला, तुमचं पीच लांब वाटतंय. तांडेल म्हणाले, "तुजी नजर तोकडी हाय," आणि विषय मिटला. तीस वर्षं होडी सांभाळलेल्या माणसाला कोण सांगणार?

बारावी झाली आणि बाबांनी मला समोर बसवलं. जिल्ह्याच्या मुलींच्या संघाची निवड होती, आमच्याच वसईत. "यात आलीस तर तुझं क्रिकेट. नाही आलीस तर फार्मसीला ॲडमिशन, आणि परत हा विषय नाही. कबूल?" मी म्हटलं कबूल. मला शंकाच नव्हती. पाचूबंदरच्या पोरांची मी बोबडी वळवली होती, मुली काय चीज?

तांडेल आले नाहीत. म्हणाले, "आज रविवार. मी चर्चला, मिस्सेला जानार. तू जा आनि टाकून ये." दळण टाकून ये म्हणावं तसं.

पहिलं गिऱ्हाईक विरारची एक सडपातळ मुलगी. हेल्मेटखाली दोन वेण्या कोंबलेल्या. मी धावत आले, आमेन म्हटलं, बॉल सोडला. माझ्या नेहमीच्या जागी, माझ्या हक्काच्या जागी टप्पा पडला. तिने एक पाऊल पुढे टाकून तो असा ठोकला की बॉल कुंपणापार. मी आ वासून बघत राहिले. दुसरा बॉल, तीच जागा. तसाच ठोकला. तिसरा. पोरी टाळ्या वाजवायला लागल्या. मला कळेना काय होतंय. ती बॅट्समन मला फार जवळ दिसत होती, अंगावर आल्यासारखी. दोन वर्षं ज्या बॉलने पोरांची दांडी उडाली, तोच बॉल हिला खेळण्यातला वाटत होता!

मग माझं डोकं फिरलं. चौथा बॉल मी होती नव्हती ती ताकद लावून टाकला. हात लवकर सुटला. आमच्या पीचवर असा सुटलेला बॉल निदान खाली तरी उतरतो. इथे त्याला उतरायला जागाच मिळाली नाही. ती मारायच्या तयारीने पुढे वाकलेली होती, आणि बॉल टप्पा न घेता थेट तिच्या हेल्मेटच्या जाळीखालून हनुवटीवर बसला.

तो आवाज मला आजही ऐकू येतो. ती खाली बसली. पांढऱ्या शर्टावर रक्त. मी तिच्याकडे धावले, तर तिच्या आईने मला हाताने मागे लोटलं. त्यांनी तिला रिक्षात घालून नेलं आणि मी तिथेच मैदानात भोकाड पसरून रडले.

निवड करायला ज्या बाई होत्या, त्या जुन्या खेळाडू. काळा चष्मा, डोक्यावर छत्री. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "तो शेवटचा बॉल म्हणजे अपघात होता. पण आधीचे तीनही बॉल रुमालाएवढ्या जागेत पडले. म्हणजे हात पक्का आहे. मग जागा का चुकते? तू ज्या पीचवर शिकलीस ना, ते आधी मोजून घे. अजून दोन जागा भरायच्यात. पुढच्या रविवारी परत ये."

दुसऱ्या दिवशी बाबांनी रजा टाकली. घरात पडदे मोजायला घेतलेली लोखंडी टेप होती, ती खिशात घातली. पाचूबंदरला टेपचं एक टोक मी धरलं, एक बाबांनी. बाबा वाकले, आकडा वाचला, चष्मा पुसला, परत वाचला.

साडेएकाहत्तर फूट.

साडेपाच फूट जास्त! एक अख्खा माणूस आडवा झोपेल एवढं! आयुष्यात कुणावर आवाज न चढवलेले माझे बाबा जेट्टीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "दोन वर्षं! दोन वर्षं माझी मुलगी चुकीच्या पीचवर घाम गाळतेय आणि तुम्ही डोळे मिटून उभे! कसले मास्तर तुम्ही?"

"टेप खोटी हाय," तांडेल म्हणाले.

"टेप खोटी?"

"ती फॅक्टरीत बनवलेली. मी तीस वरसं ह्या हातांनी पानी मोजलं. एक डाव होडी वाळूत घातली नाय."

बाबा तरातरा पुढे गेले. "पसरा हात." तांडेलांनी पसरले. बाबांनी या बोटाच्या टोकापासून त्या बोटाच्या टोकापर्यंत टेप लावली. सहा नाही. साडेसहा फूट.

मावशी बांबूखाली बोंबील उलटत होत्या. त्या हसायला लागल्या ते थांबेनात. "मी लगीन झाल्यापासून सांगते, ह्याचे हात माकडाचे हायेत! बसला की जमिनीला टेकतात!"

पण तांडेलांचं लक्ष नव्हतं. ते आपल्या हातांकडे बघत उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी भलतंच उजाडत होतं. "मंग माजं जाळंबी..." ते पुटपुटले. "माजं जाळं सगळ्यांच्या खाली जायाचं. सगळ्यांपरीस जास्ती मासळी माज्या होडीला. मी दर वर्साला सायबिनीला, आपल्या मारियेला, मेनबत्ती लावत आलो. म्हनायचो, ही तुजी कृपा." त्यांनी आमच्याकडे बघितलं. "ती कृपा नव्हती. हात लांब व्हते."

"आनि हात कुनी दिले?" मावशी हसू आवरत म्हणाल्या. "ते काय बाजारातून आनले?"

कुणी दुसरं असतं तर यावर हसलं असतं. ते हसले नाहीत. मग मला विचारलं, "त्या पोरीला किती लागला?"

मी म्हटलं, टाके पडलेत. हनुवटीला. बाकी बरी आहे म्हणे.

ते मॅटवर खाली बसले. मी त्यांना असं बसलेलं कधी बघितलं नव्हतं. माझ्या मनात रागच होता, भयंकर राग. माझ्यापुढे रविवार उभा होता आणि हा माणूस त्या मुलीची चौकशी करत होता! मी ओरडले, "आता माझं काय? दोन वर्षांची सवय आठवड्यात कशी मोडू?"

"मोडू नको," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"सवय चांगली हाय. जागा बदल. तुजा पाय रेघेवर पडतो ना? तो साडेपाच फूट मागं पडू दे. मंग गिऱ्हाईक हाय तिथंच उभं राहील, तुला पायजे तितकं लांब. मागून टाकू नको असा कायदा हाय काय?"

बाबा आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. अहो, नाहीच असा कायदा! रेघेच्या पुढे पाय गेला तर नो-बॉल. मागे किती असावा हे कुणी विचारलेलंच नाही, कारण शहाणा माणूस स्वतःहून गिऱ्हाईकापासून लांब जातोच कशाला?

रविवारी तांडेल आले. शनिवारी संध्याकाळची मिस्सा उरकून, लग्नातली पँट घालून, पण अनवाणीच. खिशातून चुना काढून त्यांनी स्टंपच्या मागे, अंपायरच्या अगदी पायाशी, एक रेघ मारली. अंपायर खेकसला, ओ आजोबा, हे काय? मी धावत आले आणि त्या रेघेवरून, अंपायरच्या कानाजवळून, बॉल सोडला. बिचारा दचकून उडालाच. "हिला पुढे जायला सांगा! ही क्रीझला पोचतच नाही!"

छत्रीवाल्या बाई म्हणाल्या, "पोचलीच पाहिजे असं कुठे लिहिलंय? तुम्ही दोन पावलं मागे उभे राहा."

मग माझा हात मोकळा झाला. टप्पा बरोबर जागी, गिऱ्हाईक बरोबर अंतरावर. समोरच्या मुलींना कळेचना बॉल कधी येणार. त्या आधीच बॅट फिरवून बसायच्या आणि मागे दांडी उडालेली. तांडेल मैदानाकडे पाठ करून उभे होते. मी घडीघडी बघत होते. त्यांचा हात कानाशी होता.

माझी निवड झाली. पहिला पूर्ण मोसम मी तशीच, मागून टाकत खेळले. पेपरात आलं, ही नव्या मुलीची चतुर चाल आहे. चाल! पुढे संघाच्या कोचनी मला बोट बोट करत रेघेवर आणलं, आणि मी जशी पुढे आले तसा समोरच्यांना माझा बॉल लवकर यायला लागला. लोक म्हणाले, हिचा वेग वाढला. वेग होता तेवढाच होता. मी फक्त जवळ आले होते.

पण हे सगळं नंतरचं. निवड झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन पाचूबंदरला पळत गेले. तांडेल दारातच बसले होते. त्यांनी पेढा घेतला, खाल्ला, हात पँटला पुसला आणि म्हणाले, "आता इथं येऊ नको, बाय."

मला वाटलं गंमत करतायत.

"पक्क्या मास्तरकडं जा. तुजं माज्याकडचं झालं."

"काका, पीच आपण नीट करू ना! बाबा टेप देतील..."

"येऊ नको म्हनलं ना."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मावशींकडे बघितलं, तर त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या. मी पेढ्यांचा बॉक्स तिथेच ठेवला आणि निघाले. काय चुकलं माझं? बाबा ओरडले म्हणून? मी ओरडले म्हणून? वर्षानुवर्षं मला ते उमगलं नाही. नाताळला मी जायची, त्यांच्यासाठी शर्ट, मावशींसाठी साडी. ते घ्यायचे, जेवू घालायचे. क्रिकेटचं नाव काढलं की उठून बाहेर जायचे. देशाकडून पहिल्यांदा खेळले तेव्हा फोन केला. "बरं," म्हणाले, आणि फोन मावशींकडे दिला. त्या रात्री हॉटेलच्या खोलीत मी उशीत तोंड खुपसून रडले. माझ्या खोलीत संघातली जी सलामीची फलंदाज होती, तिने उठून मला पाणी आणून दिलं. तिने काही विचारलं नाही.

ती म्हणजे विरारची तीच. हनुवटीवर बारीकशी पांढरी खूण आहे. माझ्यानंतर दोन वर्षांनी जिल्ह्याच्या संघात आली. "तू दिलेली भेट," असं ती त्या खुणेला म्हणायची आणि आम्ही हसायचो. मोठी बेधडक खेळते. जगातल्या भल्या भल्या बॉलरना तिने फोडून काढलंय. फक्त सरावात माझ्या नेटमध्ये कधी यायची नाही. कायम पलीकडच्या. मी समजायची, मला भाव देत नाही, शिष्ट आहे.

यंदा पावसाळ्याच्या अखेरीस तांडेल गेले.

मी बंगलोरच्या शिबिरातून सकाळच्या विमानाने आले, तशीच चर्चला पोचले. लोकांनी मला बघून वाट करून दिली, पुढे जा, पुढे जा. पुढच्या बाकावर मावशी बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी, त्यांचा हात आपल्या मांडीवर घेऊन, काळ्या कपड्यांत ती बसली होती.

विरारची ती. माझी रूममेट. काल शिबिरात 'घरी काम आहे' सांगून गेलेली.

मला आधी वाटलं, माझ्यासाठी आलीये. पण मावशींनी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. एका दिवसाच्या ओळखीने कुणी असं डोकं टेकत नाही. अख्खी मिस्सा माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. माती देऊन झाली, लोक पांगले, आणि मी तिला दंडाला धरून चर्चच्या भिंतीपाशी ओढलं.

"तू इथे काय करतेस?"

"तू काय करतेस तेच."

"नीट सांग!"

तिने सांगितलं. त्या बॉलनंतर तिने क्रिकेट सोडलं होतं. बॉल समोर आला की डोळे मिटायची. किट विकायला काढलं होतं. आणि त्याच आठवड्यात एक अनवाणी म्हातारा पापलेटची पिशवी घेऊन विरारला त्यांच्या दारात उभा राहिला.

"आईला म्हणाले, तुमच्या पोरीला लागला तो माज्या हातानं लागला. त्या पोरीनं मारला नाय. आईला वाटलं, वेडा आहे कुणीतरी. मग म्हणाले, हिला माज्याकडं पाठवा, भीती मी घातली, मीच परत काढतो. मी आतून ओरडले, मी नाही जाणार, तिथे ती असेल." ती थांबली. "तर म्हणाले, ती नसंल."

ती नसंल! म्हणून मला हाकललं! दारात बसून, माझा पेढा खाऊन, तोंड वर न करता! आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या मावशींना सगळं ठाऊक होतं!

"आणि मला कुणीच सांगितलं नाही? तू? तीन वर्षं एका खोलीत राहतोय आपण! मी रडले तेव्हा तू पाणी आणून दिलंस, आणि..."

"त्यांनी शपथ घातली होती," ती म्हणाली. "म्हणाले, तिला कळला तर ती हळू टाकंल. जन्मभर हळू टाकंल. कुनाला सांगायचा नाय."

मला राग आला, रडू आलं, सगळं एकदम आलं. मग माझ्या मनात जे सगळ्यांत जास्त सलत होतं तेच तोंडातून निघालं. "आणि तुला? तुला कधी हाकललं?"

"मला नाही हाकललं. मी घरी असले की दर रविवारी जायची. शेवटी शेवटी त्यांना उभं राहवत नव्हतं, तर खुर्चीत बसून फेकायचे. आजारी पडायच्या आधीच्या रविवारपर्यंत." तिने मान खाली घातली. "मी अजून घाबरते ना."

जिच्या बॅटीला बाहेरचे बॉलर टरकतात, ती हे सांगत होती.

मावशी फाटकापाशी आमची वाट बघत होत्या.

"रविवारी किती वाजता असायचं?" मी तिला विचारलं.

"मिस्सा झाली की. आठच्या सुमाराला."

"मी येते."

तिचा हात हनुवटीकडे गेला.

"हळू टाकशील?"

"नाही," मी म्हटलं.

"मग ये," ती म्हणाली.